विसार

पाथर्डी फाट्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत
शेवटचं रो-हाऊस. नंबर अकरा.
मागे नाला, नाल्यापलीकडे
अजून न विकलेलं मेथीचं वावर.
दोनदा बघून झालं.
एकदा निरंजनबरोबर, एकदा त्याच्या मामांबरोबर,
ज्यांनी सगळे नळ सोडून पाहिले, दारं ठोकून पाहिली
आणि गाडीत बसल्यावर म्हणाले,
"घर चांगलंय. पण."

त्या 'पण'ला आज नऊ दिवस झाले.
तो आमच्या पंगतीला बसतो,
मीठ मागतो, उठत नाही.

बासष्ट सांगितलेत. आपण चोपन्न म्हणायचं, की छप्पन्न,
की काहीच म्हणायचं नाही.
विसाराचे एक्कावन्न हजार कपाटात, साड्यांच्या खाली.
एजंट गवळी रोज सकाळी फोन करतो,
"मॅडम, सिन्नरची पार्टी रविवारी येतेय."
गेल्या रविवारीही ती येतच होती.

सातबारा, एनए, बँकेचा बोजा, सगळं पाहिलं.
नकाशावर निळी पूररेषा
मागच्या कुंपणापाशी येऊन थांबते,
दाराशी चप्पल न काढता उभ्या पाहुण्यासारखी.
येईलही आत. येणारही नाही.

पण खरं तर कागदांचं काही नाही.
जिन्याखालची भिंत आहे.
घरभर जुना, विटलेला पिस्ता रंग
आणि तेवढ्याच भिंतीला नवा.

"देवळालीच्या तोफा हो," गवळी म्हणाला होता,
"सराव सुरू असला की अख्ख्या एरियात बारीक चिरा जातात."
तेवढ्यात खरंच लांब कुठे धडाड् झालं,
खिडकीची काच शहारली,
आणि तो असा हसला
जणू त्यानेच वेळ ठरवून उडवली.

मी अंबडला, क्वालिटीत. अठरा वर्षं.
दिवसाला चारशे बुश हातावरून जातात.
दोन शतांश मिलिमीटर जास्त, की लाल पेटी.
कुणाची समजूत काढावी लागत नाही.
बुशच्या व्हरांड्यात
पाचचं ऊन तिरपं येत नाही.
बुशकडे बघून वाटत नाही
की इथे आईची खाट बसेल.

शुक्रवारी हाफ डे टाकून एकटीच गेले.
पर्समध्ये कंपनीचं फीलर गेज, न विचारता आणलेलं.
खैरनारबाईंनी दार उघडलं, कशाला आलात विचारलं नाही.
जिन्याखाली वाकले.
नव्या रंगातून चीर पुन्हा वर आली होती, केसासारखी.
शून्य पॉइंट दोनचं पातं गेलं.
तीनचं गेलं.
चारचं अडकलं.

"मे महिन्यात पाचचंही जाईल," मागून त्या म्हणाल्या.
"खाली काळी माती आहे ना.
पाऊस मुरला की मिटते. अकरा वर्षं बघतेय,
लांबी तेवढीच आहे. वाढलेली नाही.
दर मेला टोकाशी पेन्सिलीने तारीख घालायचे.
मुलाने रंग मारला. नको म्हणत होते मी.
तारखा गेल्या खाली."

पाणी दिलं. स्टीलचा पेला थंडगार.
मला काही सुचेना.
"खरवडून बघू का?"
"घर तुमचं झालं की खरवडा,"
त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

रात्री निरंजन वीजबिलाच्या मागे आकडे मांडत बसला.
हप्ता, रजिस्ट्री, मामांचे उसने.
"बोल, किती सांगू गवळीला?"
मी अंगठा ट्यूबलाइटखाली धरला.
नखात थोडा पिस्ता रंग अडकला होता.
नवाच.
कधी खरवडलं, आठवेना.

छप्पन्न, म्हणाले.
मग म्हणाले, थांब.
मग त्याने फोन उचलेपर्यंत
आणखी काहीच म्हणाले नाही.